मालिनीताईंची साइट

"मान खाली, मालिनीताई. तुम्ही बटाच्या वर बघताय."

"बटाकडेच बघतेय की."

"नाही. तुमची नजर त्या कडुलिंबाच्या शेंड्याला आहे. बाण कुठे मारायचाय, झाडावर?"

मागे रांगेत उभी असलेली पोरं हसली. मालिनीताईही हसल्या. त्यांनी मान जराशी खाली आणली, दोरी ओढली आणि सोडली. बाण समोरच्या बटात, म्हणजे निशाणासाठी उभ्या केलेल्या गवताच्या गठ्ठ्यात, जाऊन रुतला. मी पुढे झाले, त्यांच्या हनुवटीला दोन बोटं लावून मान नीट बसवली आणि पुढचा बाण घ्यायला सांगितलं. दोरी ओढता ओढता मान पुन्हा हळूच वर गेली.

ही त्यांची खोड काही केल्या जाईना, आणि मी ती घालवायच्या मागे हात धुऊन लागले होते.

परतवाड्याच्या बाहेर एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात आमचं मैदान होतं. पूर्वी जिथे कापसाच्या गाड्या उभ्या राहायच्या तिथे आता बटांची ओळ होती. बाण पलीकडे जाऊ नयेत म्हणून मागे जाळी बांधली होती, आणि वारा सुटला की कुठून कुठून कापसाचे जुने पुंजके उडत येऊन त्या जाळीला चिकटायचे. हे सगळं गावंडे सरांनी उभं केलेलं. मी अमरावतीहून कोचिंगचा कोर्स करून त्यांच्या हाताखाली नुकतीच रुजू झाले होते. डोक्यात नवीन गोष्टी होत्या आणि त्या सगळ्या एकदमच करून बघायची घाई होती.

मालिनीताई बोंद्रे जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवायच्या. चाळिशीच्या आसपास, अंगानं काटक, आवाज मात्र सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा. त्यांचे यजमान धारणीला वीज मंडळात होते, रविवारी घरी यायचे. सहावीतली मुलगी गार्गी आमच्याकडे शिकायची. तिला सोडायला आलेल्या मालिनीताई परत न जाता भिंतीलगतच्या दगडावर बसून राहायच्या. बाकीच्या आया फोन बघायच्या, भाजी निवडायच्या. या नुसत्या बसायच्या, कधी कधी तर डोळे मिटून. मला वाटायचं, दिवसभर पोरांना शिकवून थकत असतील.

एक दिवस उठून आल्या आणि म्हणाल्या, "मोठ्या माणसांना शिकवता का हो?"

मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "काहून नाही? धनुष्य काय वय इचारते का?"

असं त्यांचं शिकणं सुरू झालं.

नवशिक्यांच्या बाबतीत सरांचा एक हेका होता आणि त्यावरून माझे त्यांच्याशी रोज खटके उडायचे. पहिले काही महिने हातात फक्त बांबूचं धनुष्य. बट अगदी जवळ, त्याच्यावर रंगीत कागदसुद्धा लावायचा नाही. दोरी हाताला लागू नये म्हणून आर्मगार्ड आणि बोटांना चामड्याचा टॅब, बस्स. साइट नाही, धनुष्य स्थिर ठेवणारे दांडे नाहीत, काही नाही.

"सर, लोक विचारतात," मी म्हणायची. "दुसरीकडे पहिल्याच आठवड्यात साइट लावून देतात. पोरांचे बाण पिवळ्यात लागतात, पोरं खूश, आईबाप खूश. आपल्याकडची पोरं नुसती गवत भोसकत बसतात."

साइट म्हणजे धनुष्यावर बसवायची छोटी कडी. तिच्यातला ठिपका निशाणाच्या मध्यावर आणायचा आणि बाण सोडायचा. नवख्या माणसाला जादूच वाटते ती.

"साइट देल्ली का पोरगं कडीतच पाहात राह्यते," सर म्हणायचे. "पाठ इसरते, खांदा इसरते, आपला हात कुठी टेकला ते इसरते. हाताले लागलं तर पोरगं भिते, म्हणून आर्मगार्ड पहिल्या दिवशी. बाकी सामान नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"तू मास्तर आहेस. तुले समजलं पाह्यजे कधी ते."

त्यांच्या शिकवण्यात डोळे मिटून मारायचा एक सराव होता. बट जवळ, मागे कुणी नाही. डोळे मिटायचे, दोरी ओढायची, हात हनुवटीखाली त्याच त्या जागी टेकवायचा आणि सोडायचा. पोरांना हा सराव मुळीच आवडायचा नाही. ती एक डोळा किलकिला करून बघायची, खिदळायची. मोठ्यांची आणखीच पंचाईत. डोळे मिटले की त्यांचे पाय डगमगायचे.

मालिनीताईंना मी पहिल्यांदा डोळे मिटायला सांगितलं तो दिवस मला चांगला आठवतो. ऊन कललं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या सबंध अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. एरवी आक्रसलेले खांदे खाली आले. कपाळावरची आठी गेली. आणि मान, जी मी इतके दिवस बोटांनी सरळ करत होते, ती आपोआप सरळ झाली.

पहिला बाण गेला. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा बाण आधीच्या दोघांच्या मध्ये घुसला, लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज आला. पोरं खेळायची थांबली. मालिनीताई डोळे न उघडता कमरेच्या भात्यातून पुढचा बाण काढत होत्या, लावत होत्या, ओढत होत्या. सगळे बाण एका मुठीत मावतील एवढ्या जागेत लागले होते. शेवटचा बाण सुटला तेव्हा फट्‌ असा आवाज झाला. आधीच्या एका बाणाची शेपटी फुटली होती.

"फुटला ना?" त्या म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच.

"हो."

"आवाज आला."

मी सरांकडे बघितलं. ते चहाचा कप हातात धरून ऑफिसच्या दारात उभे होते. कप तोंडाकडे न्यायचंसुद्धा त्यांना सुचत नव्हतं.

बाण काढायला आम्ही दोघी बटापाशी गेलो. मालिनीताई नेहमीसारख्या आधी बटावरून हात फिरवू लागल्या. बाण कुठे कुठे लागले ते त्या बोटांनी चाचपून बघायच्या, गुरांच्या पाठीवरून हात फिरवावा तशा. मला ती त्यांची माया वाटायची.

त्यानंतर काही दिवसांनी सर म्हणाले, "रसिका, त्या बाईले आता साइट लाव. तयार आहे ते."

मी तर वाटच बघत होते. आमच्याकडचं चांगलं रिकर्व्ह, म्हणजे स्पर्धेचं धनुष्य काढलं, त्याच्यावर साइट बसवली, नीट जुळवली. बटावर पहिल्यांदाच रंगीत कागद लावला. बाहेर पांढरा, मग काळा, निळा, लाल आणि मध्ये पिवळा. मालिनीताईंना कडी दाखवली, ठिपका दाखवला.

"हा ठिपका पिवळ्यावर आणायचा. बाकी सगळं तुम्ही करता तसंच."

त्या पुढे झाल्या. उभ्या राहिल्या, ओढलं. हात हनुवटीखाली टेकला आणि तिथेच अडकून राहिला. दंड थरथरायला लागला. मान वर गेली, खाली आली, बाजूला झाली. मग बाण सुटला तो बटाच्या कितीतरी वरून जाळीत.

"पहिलाच आहे, होतं असं," मी म्हटलं.

दुसराही जाळीत. तिसरा जमिनीवर घसटत गेला. मी म्हणत राहिले, ठिपक्याकडे बघा, पिवळ्याकडे बघा, सरळ बघा. शेवटी त्यांनी धनुष्य खाली घेतलं.

"काढून टाका हे."

"थोडी सवय व्हावी लागते, ताई."

"काढा म्हटलं ना!"

इतक्या दिवसांत मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. पलीकडे नेम धरून उभ्या असलेल्या गार्गीनंही वळून बघितलं. मालिनीताईंनी धनुष्य माझ्या हातात दिलं, पर्स उचलली आणि गार्गीचं संपायच्या आतच तिला घेऊन निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून गार्गी शेजारच्या काकांबरोबर यायला लागली.

"आई?" मी विचारलं.

"शाळेत काम आहे म्हणाली."

आठवडा गेला, दुसराही गेला. माझ्या मनात चुळबुळ सुरू झाली. चांगला खेळाडू कधी कधी नेमाला घाबरतो, मध्य समोर दिसला की त्याचा हात सुटत नाही, हे मी कोर्समध्ये शिकले होते. तसंच काहीतरी असणार असं धरून, त्याच्यावरचे उपाय मनात घोळवत एका शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. मालिनीताईंची शाळा शनिवारी सकाळची, गार्गीची मात्र दिवसभर होती. मालिनीताई एकट्याच होत्या.

"कोण?" दार उघडून त्यांनी विचारलं. मी त्यांच्या अगदी समोर उभी होते.

"मी. रसिका."

"अगंबाई, मॅडम! या ना."

त्यांनी मला स्वयंपाकघरातच बसवलं, चहा टाकला. मी नेमाच्या भीतीबद्दल बोलत होते. हळूहळू जाते ती, आपण कागद उलटा लावू, आधी अगदी जवळून मारू, असं काहीबाही. बोलता बोलता माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. त्या कपात चहा ओतत होत्या. डाव्या हाताचं बोट कपाच्या काठाच्या आत घातलं होतं. चहा बोटाला लागला तसं त्यांनी पातेलं उचललं. दुसऱ्या कपाचं तसंच. नजर कपाकडे नव्हतीच, वरच्या फळीवरच्या डब्यांकडे होती.

मी बोलायची थांबले.

त्यांनाही ते कळलं. पातेलं ओट्यावर ठेवून, पदराला हात पुसत त्या माझ्यासमोर बसल्या.

"कुणाला सांगणार नसशील तर सांगते," त्या म्हणाल्या. अहोजाहो गळून पडलं होतं.

"नाही सांगणार."

"तू आत्ता समोर बसलीयस. तुझे कान दिसतात मला. मागचं कॅलेंडर दिसतं, खिडकी दिसते. तुझ्या तोंडाच्या जागी मात्र राखाडी डाग आहे. मान हलवली की डागही हलतो. मी ज्याच्याकडे बघेन नेमकं तेच जातं."

"डॉक्टरांना दाखवलंत?" मी विचारलं.

"नागपूरला दाखवलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय म्हणाले. चष्म्यानं होत नाही, ऑपरेशन नाही. कडेचं राहील म्हणतात. वर बघितलं की खालचं थोडं कळतं, म्हणून मी बटाच्या वर बघायची. तू मान धरून खाली आणलीस की सगळंच नाहीसं व्हायचं."

"मला सांगायचं ना, ताई."

"कुणाला सांगू? शाळेत कळलं तर? चौथीची पुस्तकं मला पाठ आहेत. वाचायचं असलं की मी पोरांना उभं करते. पाळीपाळीनं सगळी पोरं मोठ्यानं वाचतात. साहेब तपासणीला आले होते, म्हणाले, बोंद्रे मॅडमच्या वर्गाचं वाचन तालुक्यात एक नंबर." त्या हसल्या. "वह्या तपासायच्या असल्या की मात्र काही चालत नाही माझं."

"गार्गीला माहितीये?"

"नाही. यांना तेवढं माहीत आहे. ती लहान आहे. मैदानावर दुरून हात हलवते, मी आपली अंदाजानं हलवते."

मी कप पुढे ओढला. मग मी विचारलं, "मग धनुष्य का? एवढं सगळं सोडून हेच का घेतलंत?"

"मी त्या दगडावर बसायची ना, तेव्हा आवाज ऐकायची. दोरी सुटल्याचा, मग बाण लागल्याचा. कुणाचा चांगला सुटला ते नुसतं ऐकून कळायला लागलं मला. गंमत वाटली. मग शिकायला लागले, आणि एक दिवस तू म्हणालीस, डोळे मिटा." त्यांनी डोळे मिटून दाखवले. "त्या दिवशी, रसिका, कितीतरी महिन्यांनी मला सगळ्यांएवढंच दिसत होतं."

घरी येताना मला रस्ता दिसत होता की नाही कोण जाणे. मी शिकले होते त्यातलं काहीच त्या स्वयंपाकघरात उपयोगी पडलं नव्हतं. पण रात्री पडल्या पडल्या एक गोष्ट आठवली. कोर्समध्ये एका तासाला आम्हाला अंध खेळाडूंची छायाचित्रं दाखवली होती. त्यांच्यापुढे एक तिपाई उभी असते. तिच्यावर आडवी दांडी आणि दांडीच्या टोकाला एक गोटी. धनुष्य धरलेल्या हाताची पाठ त्या गोटीला टेकली की हात बरोबर निशाणाच्या रेषेत आला असं समजायचं. पाय नेमक्या जागी यावेत म्हणून जमिनीवर लाकडी पट्ट्या असतात. मागे एक माणूस उभा राहून बाण कुठे लागला ते घड्याळाच्या भाषेत सांगतो. बारा वाजता म्हणजे वर, सहा वाजता म्हणजे खाली.

ती साइटच होती, फक्त डोळ्यांऐवजी हाताच्या पाठीची.

माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्याकडून जुना ट्रायपॉड आणला, सुताराकडून त्याच्यावर सरकती दांडी बसवून घेतली. गोटी मात्र मी स्वतः बसवली, पाटीच्या मण्याची. मग मालिनीताईंना दाखवायला नेलं. त्यांनी दांडीवरून हात फिरवला, तिपाईचे पाय चाचपले, गोटी दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाल्या, "नको."

"एकदा करून तर बघा."

"हे सगळ्यांसमोर मैदानात मांडायचं? त्यापेक्षा गळ्यात पाटी अडकवून फिरते ना."

"सगळ्यांसमोर नका मांडू. दुपारी या. दुपारी मैदानात कुणी नसतं."

त्या आल्या. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी आल्या, रिक्षानं. सर जेवायला घरी गेले होते. ऊन असं होतं की बटांच्या सावल्या त्यांच्याच पायाशी गोळा झाल्या होत्या. मी पट्ट्या ठोकल्या, तिपाई उभी केली, त्यांचा हात धरून धरून गोटीची उंची जुळवली. तासभर नुसतं तेच चाललं होतं. मारलेले बाण इकडेतिकडे जात होते. मी सांगायची, "आठ वाजता, काळ्यात." मग दांडी जराशी सरकवायची. "नऊ वाजता, निळ्यात." पुन्हा जराशी. बट आता जवळ नव्हता, पोरं स्पर्धेत मारतात तेवढ्या अंतरावर होता.

मग त्या म्हणाल्या, "आता हात नको लावू दांडीला. थांब जरा."

त्यांनी डोळे मिटले. पाय पट्ट्यांना लावले. दोरी ओढली, हात हनुवटीखाली टेकला, डाव्या हाताची पाठ गोटीवर आली. सगळं अंग स्तब्ध झालं. श्वास आत गेला आणि तिथेच राहिला. पदराचं टोक वाऱ्यानं हललं, तेवढंच. दोरी सुटली.

मी दुर्बीण डोळ्याला लावलेली होती. बाण पिवळ्याच्या मधोमध, अगदी आतल्या बारीक वर्तुळात उभा होता.

मी दुर्बीण पुसून पुन्हा बघितलं, बाण तिथेच होता. मी मोठमोठ्या स्पर्धा बघितल्या होत्या, पिवळ्यात लागलेले बाण शेकड्यांनी बघितले होते. तरी त्या रिकाम्या मैदानात, भर उन्हात, जिला बट दिसतच नव्हता त्या बाईचा बाण तिथे उभा होता आणि मला देवळाच्या गाभाऱ्यात आल्यासारखं झालं होतं.

"रसिका? वाजले किती?"

"वाजले नाहीत, ताई," मी म्हणाले. "काटेच आहेत तिथे. मधोमध."

त्यांनी धनुष्य छातीशी धरलं. "चल, मला हात लावून बघू दे."

त्यांनी बाणाला हात लावला. मग त्याच्याभोवती बोट गोल फिरवून कागदाची कड शोधत राहिल्या. कितीतरी वेळ त्या तिथून हलल्या नाहीत.

त्यानंतर त्या अधूनमधून अशाच दुपारी यायच्या. सरांना मी काही सांगितलं नाही. त्यांनीही ऑफिसच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेल्या तिपाईबद्दल कधी विचारलं नाही.

दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे धनुष्यांची पूजा असायची. सगळी धनुष्यं सतरंजीवर मांडायची, झेंडूच्या माळा घालायच्या, आणि पूजेनंतर प्रत्येकानं बाण मारायचे. सकाळीच पोरांचे आईबाप जमले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतली बरीच पोरं आमच्याकडे येत, म्हणून सरांनी यंदा त्यांचे मुख्याध्यापक धांडे सर यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. मालिनीताईंचेच मुख्याध्यापक. ते पुढे खुर्चीवर बसले होते.

मालिनीताई मागच्या ओळीत. आदल्या दिवशीच मला म्हणाल्या होत्या, मी काही मारणार नाही, नवरात्राचे उपास झालेत, अंगात त्राण नाही म्हणून सांग.

पोरांचं मारून झालं. गार्गीचे बाण छान लागले. तिनं मागे वळून आईकडे बघत हात हलवला. मालिनीताईंच्या शेजारी दुसऱ्या एका बाई बसल्या होत्या, त्या कुजबुजल्या, "अहो, पोरगी हात करतेय." मालिनीताईंनी घाईनं हात वर केला. पण तोवर गार्गी पुन्हा बटाकडे वळली होती.

मी हे बाजूला उभी राहून बघत होते. मालिनीताईंचा वर गेलेला हात तसाच राहिला होता.

मोठ्यांची पाळी आली तशी सरांनी हाक मारली, "मालिनीताई, येता का?"

मी त्यांचा निरोप सांगायला तोंड उघडलं, एवढ्यात त्या उठल्या. ओळीतून वाट काढत पुढे आल्या, माझ्यापाशी थांबल्या.

"रसिका, तो स्टँड आण."

"इथे? आत्ता?"

"आत्ताच. नंतर माझी हिंमत व्हायची नाही."

मी ऑफिसमध्ये गेले. गोणपाट ओढून बाजूला टाकलं. तिपाई खांद्यावर आणि पट्ट्या काखेत घेऊन मी सगळ्यांच्या मधून आले. लोकांचं बोलणं हळूहळू बंद पडत गेलं. मी पट्ट्या ठोकत होते आणि त्या हातोडीच्या ठोक्यांशिवाय दुसरा आवाज नव्हता.

"आई, हे काय आहे?" गार्गी पुढे आली होती.

मालिनीताई वर्गात बोलतात त्या आवाजात बोलल्या. मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं असेल. "गार्गी, मला बट दिसत नाही. डोळे बिघडलेत माझे. ज्याच्याकडे बघते ते दिसत नाही. या स्टँडनं मला बट कुठे आहे ते कळतं."

गार्गीनं तिपाईला हात लावून बघितला. मग एकदम तिनं विचारलं, "मग माझे बाण? तू म्हणायचीस ना, आज चांगले लागले म्हणून?"

"ऐकायची ना मी. तुझी दोरी मला ओळखू येते."

धांडे सर खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. मी मनात म्हटलं, संपलं. पण ते उभेच राहिले. त्यांच्या मागे एकेक करून बाकीचे लोकही उठले.

मालिनीताई पट्ट्यांना पाय लावून उभ्या राहिल्या. मी दुर्बीण घेऊन त्यांच्या मागे जायला निघाले, तर गार्गीनं माझ्या हातातून दुर्बीण घेतली.

"मी सांगते," ती म्हणाली.

"घड्याळासारखं सांगायचं," मी म्हटलं. तिनं मान डोलावली.

पहिला बाण खाली गेला. गार्गीचा आवाज बारीक आला. "पांढऱ्यात, आई. सहा वाजता." मालिनीताईंनी स्वतः दांडी चाचपून कणभर वर केली. दुसरा बाण. "काळ्यात. साडेसहा." त्यांनी दांडीला हात लावला नाही, खांदे मात्र एकदा सैल केले. तिसरा बाण सुटला आणि सरांनी, ज्यांना बाण कसा लागला ते कळायला दुर्बीण कधी लागली नाही, आवाज ऐकायला डोळे मिटून घेतले.

"लाल!" गार्गी ओरडली. "आई, लालमध्ये! पिवळ्याच्या अगदी जवळ! दोन वाजता!"

टाळ्या पडल्या. मी तोपर्यंत समजत होते की नवशिक्याच्या हातात कुठलं साधन कधी द्यायचं हे मास्तरनं ठरवायचं असतं. तिपाई तर मी कधीच बनवून ठेवली होती. ती मागायची वेळ ज्या बाईनं ठरवली ती माझ्यासमोर उभी होती आणि पदरानं तोंड पुसत होती.

धांडे सर त्यांच्यापाशी गेले. "बोंद्रे मॅडम," ते म्हणाले, "सुट्टी संपली की माझ्या खोलीत या. काय काय करता येतं ते बघू." पुढे वर्षभर तपासण्या, दाखले, अमरावतीच्या चकरा चालल्या. धांडे सर बहुतेक वेळा बरोबर जायचे. मालिनीताईंची नोकरी राहिली. वह्या तपासायला दुसऱ्या बाई आल्या, आणि मालिनीताई निवृत्त होईपर्यंत चौथीची पोरं मोठ्यानं वाचत राहिली. स्पर्धांनाही त्या गेल्या, पुण्याला, दिल्लीला. पण ते सगळं पुढचं.

त्या सकाळी सरांनी शिटी वाजवली. बाण काढायला जायची शिटी. मालिनीताई बटाकडे चालू लागल्या, गार्गी पळत त्यांच्यापुढे झाली आणि त्यांचा हात धरून ओढायला लागली.

"आई, सांभाळ, पुढे दगड आहे."

"दगड दिसतो गं मला," मालिनीताई म्हणाल्या. "तू दिसत नाहीस. समोर आलीस की जातेस."

गार्गी थांबली. तिनं आईच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"मग मी कडेनं चालते," ती म्हणाली, आणि हात न सोडता वळसा घालून आईच्या शेजारी आली. मालिनीताईंनी मान जराशी वर केली, आणि दोघी तशाच शेजारी शेजारी बटाकडे गेल्या.